सैल तारांची शिस्त

छोट्या कॅटॅमरानवर नवखा माणूस चढला की आडोशाच्या बाजूची, डोलकाठीला धरणारी लोंबती तार पाहून आधी ती आवळायला धावतो. ती तशीच राहू द्यावी. होबी १६ असो वा १९७६ ते २००८ ऑलिंपिकमध्ये धावलेली टॉर्नेडो, त्यांची डोलकाठी घट्ट रोवलेली नसते; ती बुडाशी एका टेकूवर बसते आणि स्वतःभोवती फिरते. तिचा छेद पाण्याच्या थेंबासारखा. काठी सरळच राहिली तर तिच्या मागे, शिडाच्या आडोशाच्या अंगाला, हवा भोवऱ्यात अडकते, आणि शिडाचा सर्वांत कामाचा भाग नेमका तोच. काठी वळली की ती आणि शीड मिळून एकसंध वाक तयार होतो. तारा ताणून बांधल्या की हे वळणंच जखडतं. मग काठी उभी कशी राहते? वाऱ्याकडची तार, पुढची तार आणि मागे खेचणारी शिडाची दोरी, एवढं पुरतं. अर्थात तारा इतक्याही ढिल्या नकोत की होडी उलटल्यावर काठी टेकूवरून निसटेल. होबी १६ वर काठी बरीच मागे कललेली ठेवतात, म्हणजे जोराच्या वाऱ्यात नाकाडं पाण्यात घुसण्याचा धोका कमी होतो; पण फार कलवली तर शिडाच्या दोरीच्या वरच्या-खालच्या कप्प्या एकमेकींना भिडतात आणि शीड आणखी ओढताच येत नाही. टॉर्नेडोवर काठी किती वळवायची हेही खलाशी ठरवतो, वारा चढला की वळण कमी करतो. मंद वाऱ्यात मात्र दिशा बदलल्यावर काठी हट्टाने जुन्याच बाजूला तोंड करून बसते, तेव्हा तिला हाताने ढकलावं लागतं, नाहीतर सरळ लाथ.