विश्लेषण : मज्जारज्जूला वीज दिल्याने मेंदूचा रक्तपुरवठा वाढतो का? रायगडकरांनी काय लक्षात ठेवावे?

श्रीवर्धन किंवा मुरूडमध्ये घरातल्या कोणाचे तोंड अचानक वाकडे झाले, हात लुळा पडला, तर पहिला प्रश्न असतो : न्यायचे कुठे? अशा वेळी मोबाइलवर ‘मज्जारज्जूला वीज देऊन मेंदूचा रक्तपुरवठा वाढवा’ असे काही वाचनात आले, तर त्यावर किती विसंबायचे?

हा उपचार काय आहे?

पाठीच्या कण्यात, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर बारीक तारा बसवतात. त्वचेखालचे छोटे यंत्र त्यांतून सौम्य विद्युतस्पंद सोडते. 1967 मध्ये अमेरिकेत तो वेदनेसाठी प्रथम वापरला गेला. आजही त्याचा मुख्य उपयोग जुनाट, असह्य वेदनेवरच होतो.

मेंदूशी संबंध कसा?

1985 मध्ये न्यूरोसर्जन योशिओ होसोबुची यांनी नोंदवले, की मानेच्या भागात अशी उत्तेजना दिल्यास मेंदूतील रक्तप्रवाह वाढतो; छातीच्या भागात दिल्यास तसे दिसले नाही. रक्तवाहिन्या आकुंचित ठेवणाऱ्या चेतासंस्थेचा जोर त्यामुळे कमी होत असावा, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. पुढे मेंदूतील रक्तस्रावानंतर आकसणाऱ्या वाहिन्या आणि दीर्घ बेशुद्धी यांवरही प्रयोग झाले.

मग पक्षाघातावर हा उपाय आहे?

नाही. रक्तप्रवाह वाढणे आणि रुग्ण बरा होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पक्षाघाताच्या नेहमीच्या उपचारात ही पद्धत नाही. शिवाय गुठळीने वाहिनी बंद झाली असेल, तर आधी ती मोकळी करावी लागते. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, तेही सीटी स्कॅनने रक्तस्राव नाही हे पाहून.

रायगडच्या किनाऱ्यावर खरा प्रश्न कोणता?

तो अंतराचा आहे. पावसाळ्यात मांडवा–गेटवे लाँच बंद असतात. जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू खुला झाला. पण श्रीवर्धनहून तिथवर पोहोचायलाच काही तास जातात. म्हणून सीटी स्कॅन आणि इंजेक्शन जवळ कुठे मिळते, हे आजच विचारून ठेवा.

लक्षणे दिसताच 108 ला फोन करा. ती कधी सुरू झाली, ती वेळ लिहून ठेवा. तोंडाने पाणी किंवा औषध देऊ नका. ‘जरा पडू दे, बरे वाटेल’ म्हणत घालवलेला तास कोणतेही यंत्र परत आणत नाही.