पहिली ट्रॉली घेताना

ट्रॅक्टरला ट्रॉली घ्यायची म्हटली की घरात पहिला प्रश्न निघतो किमतीचा. पण चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलरस्त्यांवर आधी आपल्या ट्रॅक्टरची ताकद पाहावी. भार ओढता येणे वेगळे आणि तो उतारावर थांबवता येणे वेगळे.

दोनचाकी ट्रॉलीचा काही भार ट्रॅक्टरवर येतो. धानाची पोती पुढे जास्त झाली तर ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी पडतात, स्टिअरिंग ऐकत नाही. मागे जास्त झाली तर ट्रॅक्टरची मागची चाके घसरतात. चारचाकी ट्रॉली आपला भार आपणच पेलते, पण मागे घेणे अवघड.

निघण्यापूर्वी हुकाची पिन, साखळी, टायरची हवा, मागचे दिवे आणि रिफ्लेक्टर तपासा. शेतात वेगवेगळे वापरलेले ब्रेकचे दोन्ही पेडल रस्त्यावर एकत्र अडकवा. नाहीतर एकाच बाजूचे चाक थांबून ट्रॅक्टर फिरतो. उतारावर न्यूट्रल कधीच नको.

आणि एक गोष्ट घरातल्या सर्वांसाठी. ट्रॉली मालासाठी असते. निकाहाची वरात, उर्साची मंडळी तिच्यात बसवू नका. मालवाहू वाहनातील फुकट प्रवाशांची भरपाई विमा कंपनीवर बंधनकारक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली ठरवले आहे. म्हणजे अपघात झाला तर माणसेही जातात आणि भरपाईपायी शेतही. वरातीसाठी एसटीची बस प्रासंगिक करारावर मिळते. अम्मी, खाला आणि लेकरे त्या बसमध्येच बसू द्या.