सायकल कुठल्या कंपनीची?

आमच्या मामूंची तीनचाकी सायकल चौदा वर्षं जिन्याखाली पडून होती. लहानपणीच्या पोलिओनं मामूंचे दोन्ही पाय गेलेले. हातानं पेडल फिरवत ते रोज महाद्वार रोडवरच्या आपल्या घड्याळदुरुस्तीच्या टपरीवर जायचे. ते गेल्यावर सायकलीवर आधी गोधड्या आल्या, मग धूळ. यंदा माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांचा पाय साखरेच्या आजारामुळे गुडघ्याखाली कापावा लागला, तेव्हा मला ती सायकल आठवली.

बाहेर काढली तर पुढचं चाक जाम, चेन गंजलेली, एका टायरच्या चिंध्या. बघायला आलेल्या प्रत्येकानं एकच विचारलं, "कंपनी कुठली?" मलाही ते पटलं. कंपनी कळल्याशिवाय पार्ट कुठून आणणार?

पहिला अंदाज एलिम्कोचा. १९७२ मध्ये स्थापन झालेली कानपूरची ही सरकारी कंपनी दिव्यांगांसाठी साधनं बनवते. पण तिचं नाव कुठेच सापडलं नाही. काळा रंग खरवडला तर खाली निळा, त्याखाली हिरवा. हँडलखालच्या पाइपला दोन बारीक भोकं होती. तिथं कधीतरी कंपनीचा बिल्ला असणार, तो गळून पडलेला. मग हाताच्या पेडलजवळचं दातेरी चक्र पुसलं आणि त्यात कापलेली बगळ्याची डोकी दिसली. बगळा म्हणजे रॅले! नॉटिंगहॅमची कंपनी; आपल्याकडे आसनसोलला सेन-रॅलेचा कारखाना होता. विलायती घराण्याची वस्तू हाती लागली म्हणून मी हरखले.

आमचे सायकलवाले मिस्त्री हसले. "मॅडम, बगळा बघून भुलू नगासा. तारा मोजा."

मोजल्या. पुढच्या चाकाला ४०, मागच्या दोन्हींना ३२-३२. जुन्या पद्धतीच्या साध्या सायकलीला हे उलट असतं. ओढणारं चाक मागचं, ओझंही त्याच्यावरच जास्त, म्हणून मागे ४० आणि पुढे ३२. आमच्या सायकलीत चेन पुढचं चाक ओढते. म्हणजे कुणीतरी साध्या सायकलीचं मागचं चाक फ्रीव्हीलसकट पुढे बसवलं होतं आणि दोन सायकलींची पुढची चाकं मागे. फ्रेमच्या सांध्यावर कारखान्यातल्या सायकलीसारखे सॉकेट नव्हते, वेल्डिंगचे जाड टाके होते. मिस्त्रींनी निकाल दिला, "चक्र एकाचं, हब दुसऱ्याचा. जोडलीया मात्र हितंच कुठंतरी."

उद्यमनगरच्या लेथ आणि फाउंड्र्यांच्या या शहरात ते अवघडही नव्हतं. कुण्या कारागिरानं मामूंच्या हाताची लांबी बघून हे यंत्र जुळवलं असेल. त्यानं कुठेही नाव कोरलं नाही.

खरं सांगते, आधी थोडी निराशा झाली. मग माझंच मला हसू आलं. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्या माझ्यासारखीला या प्रश्नाची चांगलीच सवय आहे. "मूळच्या कुठल्या?" कोल्हापूर म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, "ते झालं, पण त्याआधी?" मीही त्या सायकलीला तेच विचारत होते. ती कुणाच्या कामी आली आणि पुढे कुणाच्या येईल, हे विचारायचं राहूनच गेलं होतं.

कंपनी सापडली नाही, पण सायकल दुरुस्त झाली. २८ बाय दीडचे टायर, पाव इंची छर्रे, चेन, सगळं एकाच दुकानात मिळालं. आमच्याच गल्लीत शिबिरात मिळालेली एक नवी तीनचाकीही आहे. तिच्यावर कंपनीचं नाव ठळक आहे. तिचं एक बेअरिंग इथं कुठल्याच दुकानात मिळत नाही, म्हणून ती दोन वर्षं उभी आहे आणि तिचा मालक घरात बसून आहे.

साधनं देण्याची केंद्र सरकारची ॲडिप योजना १९८१ पासून चालू आहे. २०१६ च्या कायद्यानं दिव्यांगांचे हक्क लिहून ठेवलेत. नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' याच कोल्हापुरात उभी केली. त्यांच्या आत्मकथनाचं नावच 'चाकाची खुर्ची'. चाक म्हणजे माणसाचे पाय, हे या शहराला नव्यानं सांगायची गरज नसावी. तरीही आपल्याकडे साधन वाटताना फोटो निघतो, आणि ते बंद पडल्यावर माणूस एकटा पडतो. माझं म्हणणं साधं आहे. वाटायची साधनं गावातल्या सायकल दुकानात मिळणाऱ्या पार्टवर चालणारी असावीत. टायर कुठला, छर्रे कुठले, दुरुस्ती कोण करेल, हे मराठीत लिहिलेला कागद सोबत द्यावा. शिबिरात पाहुण्यांच्या शेजारी एक खुर्ची सायकल मिस्त्रीलाही असावी.

मामूंच्या सायकलीच्या सीटखाली मी असा कागद प्लॅस्टिकमध्ये घालून चिकटवलाय. टायर, तारा, छर्रे, चेन, मिस्त्रींचा फोन नंबर. कंपनीची ओळ रिकामीच ठेवली. त्या मुलीचे वडील आता रोज सायकल घेऊन शाळेच्या फाटकापर्यंत येतात. त्यांना अजून तरी कंपनीच्या नावाची गरज पडलेली नाही.