चेहऱ्याची लाली आणि बारा आठवड्यांची कॅप्सूल

नाशिकरोडहून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात : "माझं वय ३८. दोन वर्षांपूर्वी गालांवर आणि नाकावर लाली यायला लागली, मधूनमधून पुटकुळ्या. त्वचेच्या डॉक्टरांनी 'रोझेशिया' आहे म्हणून सांगितलं आणि डॉक्सिसायक्लिनच्या कॅप्सूल तीन महिन्यांसाठी लिहून दिल्या. चेहरा छान निवळला. पण बंद केल्या तर पुन्हा येईल या भीतीने मी मेडिकलमधून त्याच आणत राहिले. आता सव्वा वर्ष झालं. छातीत जळजळतं, पोट सारखं बिघडतं, अंगावरून पांढरं जातं, खाज सुटते. घरात कोणाला सांगितलेलं नाही. कॅप्सूल सोडू की चालू ठेवू?"

या भगिनीला उत्तर आधी थोडक्यात देते. ताई, उरलेली पाकिटे पर्समध्ये टाका आणि याच आठवड्यात त्या डॉक्टरांकडे जा. सव्वा वर्ष कॅप्सूल चालू आहे हे त्यांना स्पष्ट सांगा. ही कॅप्सूल एकदम बंद केल्याने शरीराला अपाय होत नाही, तेव्हा ती भीती मनातून काढून टाका. लाली परत येऊ शकते, पण तिला थोपवण्याचा मार्ग वेगळा आहे. तुम्ही लिहिलेले तिन्ही त्रास या औषधाने होऊ शकतात आणि वेळेवर सांगितले तर आटोक्यात येतात.

हा प्रश्न एकीचा नाही, म्हणून आता सविस्तर लिहिते.

ही लाली कसली?

रोझेशियात चेहऱ्याच्या मधल्या भागावर, म्हणजे गाल, नाक, कपाळ आणि हनुवटीवर, लाली येते. आधी ती येते-जाते, मग मुक्कामच करते. बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुरळ आणि पुवाच्या पुटकुळ्या येतात. मुरुमांत असतात तशी काळी टोके यात नसतात. बहुधा तिशीनंतर सुरू होते. आपल्या सावळ्या-गव्हाळ वर्णावर लाली पटकन दिसत नाही. चेहरा तापतो, चुरचुरतो, काळपट-तांबूस दिसतो, आणि मग घरात निदान होते, "अंगात उष्णता वाढली आहे!" सब्जा, गुलकंद, वाळ्याचे पाणी सुरू होते. ते जरूर घ्या, त्याने अपाय नाही. पण रोझेशिया त्याने जात नाही.

लाल नाक म्हणजे दारूचे व्यसन, हाही एक गैरसमज आहे. मद्याने लाली भडकते हे खरे, पण ज्यांनी आयुष्यात थेंब घेतलेला नाही अशा बायकांनाही हा विकार होतो. तो संसर्गजन्य नाही, आणि अस्वच्छतेमुळे तर मुळीच होत नाही. म्हणून घासून घासून तोंड धुऊ नका, त्याने जळजळ वाढते. डाळीचे पीठ, लिंबू, स्क्रब हे सगळे या चेहऱ्याला वर्ज्य.

डोळ्यांत खडा गेल्यासारखे खुपणे, पापण्यांच्या कडा लाल होणे, डोळे चुरचुरणे हेही याच विकाराचे लक्षण असू शकते. तसे असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांनाही दाखवावे.

'गोरे करणारे' मलम

औषधाच्या आधी एक प्रश्न स्वतःला विचारा. चेहऱ्याला कुठले मलम लावत होतात? शेजारणीने सांगितले म्हणून, पार्लरमध्ये दिले म्हणून लावलेल्या कित्येक मलमांत बीटामेथासोन किंवा तत्सम स्टेरॉइड असते. आठ दिवसांत चेहरा उजळतो, आणि काही महिन्यांनी कातडी पातळ, लाल, पुटकुळ्यांनी भरलेली होते. मलम सोडावे तर आग होते, म्हणून पुन्हा तेच लावले जाते. २०११ साली भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी बाह्यरुग्ण विभागांतल्या २,९२६ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतले ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते, म्हणजे दर सातांत एक! २०१८ साली केंद्र सरकारने अशा चौदा स्टेरॉइडांच्या मलमांना चिठ्ठी सक्तीची केली. तुमच्या कपाटात असे मलम असेल तर ट्यूब डॉक्टरांना दाखवा. लाली तिच्यामुळेच असेल, तर नुसत्या कॅप्सूलने भागणार नाही.

कॅप्सूल काय करते?

डॉक्सिसायक्लिन हे टेट्रासायक्लिनच्या कुळातले अँटिबायोटिक. या कुळातले पहिले औषध १९४८ साली बाजारात आले. ते अमेरिकेतल्या लेडर्ले कंपनीत डॉ. बेंजामिन डग्गर यांनी शोधले. तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आपल्याकडचे, भीमावरमला जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव.

रोझेशियात मात्र हे औषध जंतू मारण्यासाठी देत नाहीत. कातडीतला दाह शमवणे हा तिथे हेतू असतो. दाह शमायला जंतू मारण्याइतका डोस लागत नाही, म्हणूनच ४० मिलिग्रॅमची हळूहळू विरघळणारी कॅप्सूल निघाली. अमेरिकेत तिला २००६ साली मान्यता मिळाली. ती घ्यायची की साधी, हे डॉक्टर ठरवतील. पण १०० मिलिग्रॅमची कॅप्सूल उघडून घरी अर्धी करण्याचा उद्योग कोणी करू नये.

फरक दिसायला तीन-चार आठवडे लागतात. साधारणपणे सहा ते बारा आठवडे, क्वचित सोळा, एवढी या औषधाची मुदत असते. मग प्रश्न उरतो, पुढे काय? कॅप्सूल बंद करायची आणि लावायचे औषध चालू ठेवायचे. मेट्रोनिडाझोल, अझेलाइक ॲसिड किंवा आयव्हरमेक्टिनचे मलम डॉक्टर देतात. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात टेट्रासायक्लिनने बऱ्या झालेल्या रुग्णांना दोन गटांत वाटले. औषधाचे जेल लावणाऱ्यांत सहा महिन्यांत शंभरातल्या २३ जणांचा विकार परतला, औषध नसलेले जेल लावणाऱ्यांत ४२ जणांचा. म्हणजे कॅप्सूल पाहुणी आणि मलम घरचे माणूस! पाहुणीला ठरल्या दिवशी निरोप द्यायचा असतो.

कशी घ्यावी?

बरेचसे त्रास औषध कसे गिळले यावर अवलंबून असतात. म्हणून एवढे पाळा :

सकाळी, पोटभर न्याहारीनंतर घ्या. उपाशीपोटी मळमळते. एकादशी, नवरात्र असे उपवास असतील तर डॉक्टरांना आधी विचारून ठेवा.

पेलाभर पाणी प्या. बायकांची सवय अशी, की ओट्यापाशी उभ्याउभ्या एका घोटात गोळी ढकलायची आणि कामाला लागायचे. ही कॅप्सूल अन्ननलिकेत चिकटली तर तिथे चट्टा पडतो, घास गिळताना टोचते, छातीत आग होते. कॅप्सूल घेतल्यावर निदान अर्धा तास आडवे होऊ नये. रात्री निजताना तर घेऊच नये.

दुधाबरोबर नको. 'औषध गरम पडतं, दुधाबरोबर घे' हा घरोघरचा सल्ला इथे उलटा पडतो. दुधातले कॅल्शियम औषधाला धरून ठेवते आणि ते अंगी कमी लागते. याहून मोठी अडचण लोहाच्या गोळ्यांची. कॅल्शियमच्या गोळ्या आणि पित्तावरची पातळ औषधेही त्यातच आली. आपल्यापैकी किती जणी रोज लोह-कॅल्शियम घेतात! कॅप्सूल सकाळी आणि या गोळ्या रात्री, असे दिवसाच्या दोन टोकांना ठेवा.

उन्हापासून जपा. या औषधाने कातडी उन्हात लवकर भाजते, आणि ऊन हे रोझेशिया भडकण्याचेही कारण आहे. नाशिकचे एप्रिल-मे काही सौम्य नव्हेत. गच्चीवर पापड-कुरडया घालायच्या त्या दिवसांत कॅप्सूल चालू असेल, तर सकाळी लवकर घालून खाली या, उलटायचे काम दुसऱ्या कोणावर सोपवा. स्कूटीवर स्कार्फ बांधता तो चांगलाच, पण सोबत ३० किंवा अधिक एसपीएफचे सनस्क्रीनही लावा. झिंक ऑक्साइडचे सहसा चुरचुरत नाही.

काय झाले तर काय करावे?

थोडी मळमळ, एखाद-दोन वेळा पातळ शौच हे चालण्यासारखे. पण वारंवार पाण्यासारखे जुलाब, शौचात रक्त किंवा ताप असेल तर कॅप्सूल थांबवा आणि डॉक्टरांकडे जा. जुलाब बंद करणारी गोळी आपल्या मनाने घेऊ नका.

अंगावरून दह्यासारखे घट्ट पांढरे जाणे आणि खाज, हा बहुधा बुरशीचा संसर्ग. अँटिबायोटिकने शरीरातले उपयोगी जंतूही मरतात आणि बुरशीला रान मोकळे मिळते. मधुमेह असेल तर ही शक्यता अधिक. यात लाजण्यासारखे काही नाही, साध्या औषधाने बरे होते. पण सांगितल्याशिवाय डॉक्टरांना कसे कळणार? साखरही एकदा तपासून घ्या.

जोराची डोकेदुखी, धूसर किंवा दुहेरी दिसणे, कानात नाडीसारखे ठोके ऐकू येणे, अंगभर पुरळ, डोळे पिवळे होणे, घास गिळताना तीव्र वेदना, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी औषध बंद करून डॉक्टर गाठा.

मिनोसायक्लिन लिहून दिले असेल तर त्याने काही जणींच्या कातडीवर, हिरड्यांवर निळसर-काळे डाग पडतात, यकृताला किंवा सांध्यांनाही त्रास होतो. ते महिनोन्‌महिने चालणार असेल तर रक्ततपासणीबद्दल विचारा.

आणि सगळ्यांत महत्त्वाचे. दिवस गेले असतील, जायची शक्यता असेल किंवा मूल अंगावर पीत असेल, तर कॅप्सूल सुरू करण्याआधीच सांगा. पोटातल्या बाळाच्या दातांवर आणि हाडांवर या औषधाचा परिणाम होतो. पाळी चुकली आणि कॅप्सूल चालूच राहिली, असे होता कामा नये. कुटुंबनियोजनाच्या गोळ्यांचा गुण डॉक्सिसायक्लिनने कमी होत नाही, मात्र उलट्या-जुलाब झाले तर त्या गोळीचा भरवसा राहत नाही. फिट्सच्या, रक्त पातळ करण्याच्या किंवा अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू असतील तर त्याही डॉक्टरांना दाखवा.

दुकानातून परस्पर का आणू नये?

आता कोणी म्हणेल, "त्रास नाही होत, चेहरा चांगला राहतो, मग घेतली वर्षभर तर काय बिघडलं?" बिघडते ते असे. अँटिबायोटिक महिनोन्‌महिने पोटात गेले की अंगातले जंतू त्याला सरावतात. ते जंतू एकटीपुरते राहत नाहीत. एका ताटात जेवणाऱ्या, एका अंथरुणात झोपणाऱ्या घरात ते मुलांपर्यंत, म्हाताऱ्यांपर्यंत जातात. जुलै २००५ च्या मुंबईच्या पुरानंतर लेप्टोची साथ आली, तेव्हा डॉक्टरांच्या हाताशी हेच डॉक्सिसायक्लिन होते. विदर्भात २०१८ साली स्क्रब टायफसचे रुग्ण आढळले, त्या तापावरही पहिले औषध हेच. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभारला, तो ही जीव वाचवणारी औषधे देशातच व्हावीत म्हणून. ती बोथट करून ठेवणे आपल्याला परवडणार नाही. पाकिटावर उभी लाल रेघ दिसली की समजावे, हे औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही.

जुन्या, मुदत उलटलेल्या कॅप्सूलही ठेवू नयेत. मुदत संपलेल्या टेट्रासायक्लिनने मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या नोंदी १९६० च्या दशकापासून आहेत.

लालीचा हिशेब

रोझेशिया कायमचा जातोच असे नाही, पण त्याला भडकवणारी कारणे कळली तर कॅप्सूलची वेळ क्वचित येते. दूधवाल्याचा हिशेब ठेवतो तशी एक छोटी वही करा. ज्या दिवशी चेहरा तापला त्या दिवशी काय घडले ते लिहा : झणझणीत मिसळ, वाफाळता चहा, भर दुपारचे ऊन, गॅससमोर तासभर पोळ्या, भांडण, जागरण, नवी क्रीम. सगळ्यांना सगळ्याने त्रास होत नाही. महिन्याभरात आपले चोर आपल्याला सापडतात. चहा सोडायला नको, कोमट करून प्यावा. पोळ्या करताना खिडकी उघडी आणि पंखा चालू असावा, आणि एखादे दिवशी पोळ्या दुसऱ्या कोणी लाटल्या तरी चालेल!

कॅप्सूल सुरू कराल त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा, "बंद कधी करायची आणि त्यानंतर काय लावायचं?" जी तारीख सांगतील ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर, गॅस सिलिंडरच्या नोंदीशेजारी, मोठ्या अक्षरात लिहा. घरात विचारले तर सांगून टाका. औषध चालू आहे हे घरच्या निदान एका माणसाला ठाऊक असायलाच हवे.