वाकडे आणि कॅमेरून

आमचे आडनाव वाकडे. बोरिवलीतल्या आमच्या दारावर ते अगदी सरळ पाटीवर लिहिले आहे. यावर करण्यासारखे सगळे विनोद शेजाऱ्यांनी करून झालेत, तेव्हा वाचकांनी तसदी घेऊ नये. पण परवा चिरंजीवांनी राजपत्रात आडनाव बदलण्याचा फॉर्मच आणला आणि माझे डोके फिरले.

दुखणे जुनेच. वीसेक वर्षांपूर्वी हे चिरंजीव मालाडच्या एका कॉल सेंटरात रात्रपाळी करीत. अमेरिकन गिऱ्हाइकाची जीभ वळत नाही म्हणून तिथे त्यांचा 'कॅमेरून' झाला. पहाटे घरी येऊन म्हणायचे, "बाबा, कॅमेरून म्हटलं की कसं वजन पडतं!"

डोंबलाचे वजन! स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातल्या गेलिक भाषेत 'कॅम' म्हणजे वाकडे. त्याला नाक जोडले की कॅमेरून, तोंड जोडले की कॅम्पबेल. म्हणजे वाकडनाके आणि वाकडतोंडे! मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचे संपादक कोण? जेम्स कॅम्पबेल. बोरिवली-अंधेरीसकट आमच्या साष्टीची सगळी कुळकथा १८८२ च्या ठाणे खंडात या वाकडतोंडेसाहेबांनी छापली आणि एकालाही हसू फुटले नाही. २०१० साली एक वाकडनाके तर ब्रिटनचे पंतप्रधान झाले, तेही राजपत्राची पायरी न चढता. बाकी स्मिथ लोहार, टेलर शिंपी, मॅकिंटायर सुताराचा पोर.  म्हणजे आमचे वाकडे, टकले, बोबडे तेवढे हास्यास्पद आणि साहेबाचे व्यंग तेवढे भारदस्त?

"पण बाबा, तिकडे अर्थ कुणाला कळतो?"

हे मात्र खरे. बहुतेक स्कॉटिश मंडळीच गेलिक विसरली, म्हणून ते नाक सरळ झाले. आपल्याला मराठी कळते म्हणून आपले आडनाव आपल्यालाच टोचते. मग काय, आडनावाची लाज जावी म्हणून भाषाच घालवायची? तेही काम घरात चालू आहेच म्हणा. कालच आमची नात विचारत होती, "आजोबा, वाकडे मीन्स काय?"

फॉर्म अजून टेबलावर पडलाय. 'नवीन आडनाव'पुढे मी पेन्सिलीने 'कॅम्पबेल' लिहून ठेवले आहे.