गोदामाआधी पायाखालची माती पाहा

माळवा, विदर्भ, उत्तर कर्नाटक, तेलंगण येथील काळ्या जमिनीत कापूस व सोयाबीन जोमाने येतात. मात्र हीच जमीन बांधकामाचा घात करते. मॉन्टमोरिलोनाइट या खनिजामुळे ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. उथळ पायावरील गोदामाच्या भिंतींना मग भेगा पडतात, ओल शिरते आणि भावाची वाट पाहत साठवलेले धान्य बुरशीला बळी पडते. दोष गवंड्याला दिला जातो. आमच्या मते तो नियोजनाचा असतो.

कठीण मुरूम वा खडक जवळ असल्यास पाया तेथपर्यंत न्यावा. काळी माती खोल असल्यास, रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने पुरस्कारलेले, तळाशी कंदासारखे रुंदावणारे काँक्रीटचे पाइल अधिक सुरक्षित. सुमारे ३.५ मीटर खोलीवर ओलाव्याचा चढउतार मंदावतो. त्यांचा भार तेथे टेकतो. खर्च वाढतो हे खरे. परंतु तडकलेल्या इमारतीची डागडुजी दरवर्षी करावी लागते.

परीक्षा अवघड नाही. वाळवून चाळलेली १० ग्रॅम माती पाण्यात व तेवढीच रॉकेलमध्ये २४ तास ठेवावी. पाण्यातील मातीचे आकारमान रॉकेलमधील मातीच्या दीडपटीहून अधिक भरल्यास अभियंत्याच्या सल्ल्याविना पाया खणू नये.

पिकासाठी माती परीक्षणाचा आग्रह धरणाऱ्या विस्तार कार्यकर्त्यांनी गोदामाच्या प्रस्तावासोबतही हा आग्रह धरावा. पिकाची चूक पुढच्या हंगामात सुधारता येते, पायाची नाही.