नेट सुरू, तरी सर्व्हर सापडेना! ऑफिसच्या नेटवर्कमध्ये नेमकं बिघडतं काय?

२० ऑक्टोबर २०२५. नरक चतुर्दशीचा दिवस. दुपारी सव्वाबारानंतर स्नॅपचॅट, सिग्नलसारखी अ‍ॅप्स जगभरात अडखळू लागली. कारण? अमेरिकेतल्या व्हर्जिनियात अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडमधल्या एका डेटाबेस सेवेचा पत्ताच डीएनएसच्या नोंदीतून पुसला गेला होता. नोंद अडीच तासांत परत आली, पण सगळं सुरळीत व्हायला जवळपास १५ तास लागले.

ऑफिसमध्ये "नेट बंद पडलंय" अशी ओरड होते, तेव्हाही अनेकदा नेट सुरूच असतं. हरवलेलं असतं ते नाव.

डीएनएस म्हणजे काय?

फोनमध्ये आपण नाव शोधतो, नंबर फोन लावतो. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी मांडलेली डीएनएस यंत्रणा इंटरनेटसाठी हेच काम करते. नाव दिलं की आयपी अ‍ॅड्रेस मिळतो.

उत्तर मिळालं नाही तर?

समजा, ऑफिसमधल्या सर्व्हरचं नाव डीएनएसमध्ये सापडलं नाही. मग विंडोज कॉम्प्युटर जुन्या पद्धतीने नेटवर्कवरच हाक मारतो, "या नावाचं कोण आहे?" नेटबायोसची ही हाक म्हणजे ब्रॉडकास्ट. ती त्या नेटवर्कमधल्या प्रत्येक मशीनपर्यंत जाते. दहा-पंधरा कॉम्प्युटर असतील तर बिघडत नाही. शेकडो असतील तर गोंगाट वाढतो.

खरा धोका कुठे आहे?

या हाकेला ओ कुणीही देऊ शकतं. नेटवर्कमध्ये घुसलेला हॅकर "मीच तो सर्व्हर" म्हणाला, तर समोरचा कॉम्प्युटर लॉगिनची सांकेतिक माहिती त्याच्या हातात देऊ शकतो. पासवर्ड कमकुवत असेल तर त्यातून तो शोधून काढता येतो. म्हणूनच नेटबायोस आणि एलएलएमएनआर या हाका मारणाऱ्या दोन्ही पद्धती हळूहळू मागे घेणार असल्याचं मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये सांगितलं. पण जुने प्रिंटर, जुनी सॉफ्टवेअर्स यांच्यामुळे अनेक ठिकाणी त्या अजून सुरूच ठेवल्या जातात.

मग तपासायचं काय?

• आधी सर्व्हरला आयपी अ‍ॅड्रेसने पिंग करा, मग नावाने. आयपीने उत्तर आलं आणि नावाने नाही, तर गडबड नावाच्या यंत्रणेत आहे.

• कॉम्प्युटरमध्ये कोणता डीएनएस टाकलाय ते पाहा. ऑफिसचा डीएनएस काढून कुणी ८.८.८.८ हा गूगलचा डीएनएस टाकला असेल, तर यूट्यूब चालतं, पण ऑफिसचा सर्व्हर सापडत नाही. कारण गूगलला त्याचं नाव माहीतच नसतं.

• सगळ्यांचंच नेटवर्क एकदम ठप्प झालं आणि स्विचचे दिवे वेड्यासारखे लुकलुकत असतील, तर केबल तपासा. एकाच केबलची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये गेली, की ब्रॉडकास्ट गोल गोल फिरत राहतो. हेच ब्रॉडकास्ट स्टॉर्म.

राउटर बंद करून सुरू केला की कधीकधी काम भागतं. पण चुकीचा डीएनएस तसाच राहिला, तर कॉम्प्युटर पुन्हा हाका मारत बसतो. आणि त्या कोण ऐकतंय, हे ऑफिसला कळतही नाही.